माणूस काम कां करतो?

आजच्या भाषणाचा विषय तसा मोठ्या विद्वानांचा आहे. माणूस काम कां करतो, आणि एकच माणूस एके ठिकाणीं मनापासून व दुसरे ठिकाणीं अंग चोरून कां करतो, या प्रश्नावर गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत परदेशांत ग्रंथांच्या राशी झाल्या आहेत. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि उभा जन्म गेला पुणें जिल्ह्यांतील जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांच्या प्राथमिक शाळांत. तेव्हां या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असें कोणी विचारील तर मी इतकेंच म्हणेन कीं, मुलांकडून काम करून घेणें हाच माझा धंदा होता, आणि त्या धंद्यांत मीं दोन ठळक चुका केल्या. त्या चुकांचा जाब देण्यासाठीं मी आज येथें बसलों आहें. या विषयावरचे ग्रंथ मीं निवृत्तीनंतर वाचले. ते आधीं वाचले असते तर त्या चुका टळल्या असत्या, असें मात्र मी छातीला हात लावून सांगूं शकत नाहीं.

आमच्या या दोन तालुक्यांना दोन तोंडें आहेत. पूर्वेकडे नारायणगांव, मंचर ही बागाईत बाजू. तेथें कुकडी प्रकल्पाच्या धरणांचें पाणी आहे, द्राक्षें, टोमॅटो, कांदा व ऊंस आहे. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, भीमाशंकरचें रान, मुसळधार पाऊस आणि उतारावर वस्ती करून राहणारे महादेव कोळी. याच बाजूस घोड नदीवर डिंभ्याचें धरण झालें, आणि ज्या गांवावरून तालुक्यास आंबेगांव हें नांव पडलें तें गांवच पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. नदीकांठची सपाट जमीन अशी गेल्यावर वरचा उतार हाच कित्येक घरांचा आधार राहिला.

या पश्चिम भागांतील एका शाळेंत माझ्या वर्गांत एक मुलगा होता. तो आठवड्यांतून दोन-तीन दिवस येई, आला तरी डुलक्या घेई, आणि पाढे म्हणावयास उभा केला कीं पायाच्या अंगठ्यानें जमीन उकरी. एके दिवशीं मीं त्याला सर्व वर्गासमक्ष आळशी म्हटलें. नुसतें म्हटलें नाहीं, तर ‘आळशी कोणास म्हणावें’ हें मुलांना समजावून देण्यासाठीं त्याला फळ्याशीं उभें केलें. तो कांहीं बोलला नाहीं. पण दुसऱ्या दिवसापासून शाळेंत येईनासा झाला. आठ दिवस वाट पाहून चैत्रांतल्या एका रविवारीं सकाळीं मी त्याच्या वाडीवर गेलों.

घरीं कोणी नव्हतें. शेजारच्या म्हातारीनें हातानें वरचा उतार दाखविला. तेथें बारा-पंधरा बायामाणसें कामाला लागलीं होतीं. कोणी पहारीनें दगड उचकटीत होता, कोणी कुदळीनें माती ओढीत होता, बाया घमेल्यांतून ती वाहत होत्या. आणि उतारावर आडवी दगडी ताल रचली जात होती. त्या तालीपाशीं एका म्हाताऱ्याच्या शेजारीं बसून माझा आळशी विद्यार्थी दगड बसवीत होता. मीही मदत म्हणून एक दगड उचलून तालीवर ठेवला. त्यानें तो पाहिला आणि अदबीनें म्हणाला, “गुरुजी, ह्याची लांब बाजू आत घ्या. न्हाई तर पहिल्याच पावसात ताल सुटंल.” वर्गांत ज्याच्या तोंडून मीं कधीं पुरें वाक्य ऐकलें नव्हतें, त्याचें हें वाक्य ऐकून मी दगड उलटा फिरविला.

या कामाला तिकडे पडकई म्हणतात. उतारावर दगडांची ताल घालावयाची, तिच्या आंत माती भरून सपाटी करावयाची, म्हणजे पावसाचें पाणी तेथें थांबतें, माती वाहून जात नाहीं, आणि भाताचें खाचर तयार होतें. एका घराच्या हातून हें होणारें नव्हे. म्हणून शेजारपाजारचीं घरें एकत्र येतात. आज एकाच्या उतारावर, उद्यां दुसऱ्याच्या. देशावर ज्याला सावड किंवा इर्जिक म्हणतात, त्याच जातीची ही चाल. मीं त्या म्हाताऱ्याला विचारलें, “बाबा, मजुरी काय ठरली आहे?” तो हंसून म्हणाला, “मजुरी कुनी कुनाला द्यायची, गुरुजी? आज ह्याचं, उद्या माझं.”

परत येतांना मला एकच प्रश्न छळीत होता. जो मुलगा सूर्योदयापासून दगड बसवितो, तो आळशी कसा? आणि तो आळशी नसेल, तर माझ्या वर्गांत त्याला काय होत होतें?

या प्रश्नाचें सर्वांत सोपें उत्तर म्हणजे पैसा. फ्रेडरिक टेलर नांवाच्या अमेरिकन इंजिनियरनें १९११ सालीं शास्त्रीय व्यवस्थापनावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्याची हकीकत आहे. लोखंडाच्या लगडी वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल वाही. त्यानें केव्हां उचलावें, केव्हां बसावें, हें घड्याळ लावून ठरवून दिलें, रोजची मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंट केली, आणि तो ४७ टन वाहूं लागला, असें टेलर सांगतो. म्हणजे काम जवळजवळ चौपट, आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. मुलांना त्रैराशिकांत घालावा असा हा हिशोब आहे. पुढील संशोधकांनीं या हकीकतीच्या तपशिलाविषयीं शंका घेतल्या आहेत. तथापि पैशानें काम वाढतें हें कोणी नाकारूं नये. आमच्याकडे रानांतला हिरडा वजनावर विकला जातो, ऊंसतोड टनावर होते, आणि दोन्हीं ठिकाणीं माणसें पहांटे उठतात.

पण हें उत्तर पुरें पडत नाहीं, याचा दाखला पुढें अमेरिकेंतच मिळाला. शिकागोजवळ हॉथॉर्न येथें टेलिफोनचें सामान तयार करणारा कारखाना होता. तेथें १९२४ ते १९३२ या काळांत अनेक प्रयोग झाले. त्यांतला शेवटचा मला फार बोधप्रद वाटतो. चौदा कामगार एका खोलींत बसविले. सर्वांचें मिळून जितकें काम अधिक तितकी सर्वांची मिळकत अधिक, असा ठराव होता. तरी त्या माणसांनीं आपसांत कामाची एक मर्यादा ठरविली व तिच्या पलीकडे कोणी जाईना. जो पुढें जाई त्याला टोमणे बसत, प्रसंगीं दंडावर गुद्दाही बसे. आणि जो फार मागें राही त्यालाही दूषण मिळे. आज अधिक काम केलें तर उद्यां मालक दर उतरवील, ही त्यांची धास्ती होती.

श्रोतेहो, सोबत्यांची ही नजर हॉथॉर्नला होती आणि आमच्या पडकईंतही असते. तेथें ती हात मागें खेंचते, येथें पुढें ढकलते. एका वाडींतील माणूस दुसऱ्याच्या तालीवर दांडी मारील तर त्याच्या तालीच्या दिवशीं काय होईल, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. दोन्हीं ठिकाणीं माणसें तींच. फरक एवढाच कीं, हॉथॉर्नच्या कामगाराला आपल्या अधिक श्रमाचें फळ दुसरा नेईल ही भीति होती, आणि पडकईंतल्या माणसाला त्याचें फळ आपल्याच वाडीच्या खाचरांत दिसणार होतें. कामगार संगनमत करून काम कमी करतात अशी तक्रार जो मालक करतो, त्यानें प्रथम अधिक कामाचें फळ कोणाकडे जातें याचा हिशोब मांडून पाहावा.

आतां त्या मुलाच्या डुलक्यांकडे वळतों. त्या दिवशीं तालीवरच मला त्याचें कारण कळलें. त्याची आई त्या दिवसांत पूर्वेकडे बागाईतांत मजुरीला उतरली होती. धाकट्या भावंडांचें सर्व त्याच्याकडे होतें, आणि सकाळीं तो बहुधा उपाशींच शाळेंत येई. अब्राहम मास्लो या मानसशास्त्रज्ञानें १९४३ सालीं मांडलेला सिद्धांत आतां शाळा-कॉलेजांत सर्वत्र शिकवितात. आधीं अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग प्रेम व आपलेपणा, मग मान, आणि शेवटीं आपल्या अंगच्या गुणांचें सार्थक, अशी ती गरजांची उतरंड. खालचें मडकें रिकामें असेल तर वरच्याकडे लक्ष जात नाहीं. उपाशी मुलापुढें मीं पाढे ठेवले आणि त्याला आळशी म्हटलें, हा माझा अपराध मास्लोच्या पहिल्याच पायरीवर सिद्ध होतो.

परंतु तोच अर्धपोटीं मुलगा तालीवर कसा राबत होता? येथें हें सांगितलें पाहिजे कीं, ही उतरंड लोखंडी नाहीं असें मास्लोनें स्वतःच लिहून ठेवलें आहे. पायऱ्या मागेंपुढें होतात, एकमेकींत मिसळतात. त्या तालीवर त्या मुलाला दुपारची भाकर होती, सोबत होती, आणि दगड पारखण्याची त्याची नजर तेथें मोलाची होती. माझ्या वर्गांत यांपैकीं एकही गोष्ट त्याला मिळत नव्हती.

सोमवारीं मीं त्याला निरोप पाठविला आणि तो आल्यावर वर्गासमक्ष माझा शब्द परत घेतला. त्या दिवशीं क्षेत्रफळाचा धडा त्याच्या खाचरावर घेतला. ताल कशी रचावी हें त्यानें सांगितलें, मुलांनीं लांबी-रुंदी मांडली. मधल्या सुटींत पोरांच्या भाकरीचा एक वाटा त्याच्याकडे जाईल अशी तजवीज केली. तो पुढें कोणी मोठा हुद्देदार झाला नाहीं. सातवीनंतर त्याची शाळा सुटली व तो शेती करतो. पण त्या वर्षीं पुन्हां त्याला डुलकी आलेली मीं पाहिली नाहीं.

माझी दुसरी चूक याहून लाजिरवाणी, कारण ती चांगल्या हेतूनें केलेली. माझी बदली जुन्नर तालुक्यांतील एका शाळेवर झाली. तेथें आवारांत मुलांनीं चाळीस रोपें लावलीं होतीं. आंबा, जांभूळ, चिंच, करंज. ओढ्यावरून कळशीनें पाणी आणून मुलें तीं जगवीत. कोणी सांगितलेलें नव्हतें. प्रत्येकानें आपलें म्हणून एक झाड धरलें होतें. मला वाटलें, या उत्साहाला उत्तेजन द्यावें. मीं जाहीर केलें कीं, महिन्यांत ज्याच्या कळशा सर्वांत अधिक भरतील त्याला एक वही व पेन्सिल मिळेल, आणि भिंतीवर तक्ता लावला. पहिल्या आठवड्यांत कळशा दुपटीनें वाढल्या व मी खूष झालों. दुसऱ्या आठवड्यांत मुलें अर्धी कळशी आणूं लागलीं, कारण तक्त्यावर भरलेली व अर्धी सारखीच मोजली जाई. तिसऱ्या आठवड्यांत ओढ्याजवळच्या पांच-सात झाडांच्या बुंध्याशीं चिखल झाला आणि कुंपणाकडचीं रोपें माना टाकूं लागलीं. दोन जिवलग मित्रांत तक्त्यावरच्या एका रेघेवरून मारामारी झाली. मीं बक्षीस बंद केलें. त्याबरोबर पाणी घालणेंही बंद पडलें. एका मुलीला मीं विचारलें, “अगं, तुझ्या जांभळीला पाणी कां घातलें नाहींस?” ती निर्मळपणें म्हणाली, “आता वही कुठं मिळतीय, गुरुजी?” त्या उन्हाळ्यांत चाळिसांपैकीं सतरा रोपें वाळलीं.

निवृत्तीनंतर मला कळलें कीं, असाच प्रयोग अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथील एका बालवाडींत झाला होता व तो १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. लेपर, ग्रीन व निस्बेट हे प्रयोगकर्ते. चित्रें काढण्याची ज्यांना मुळांतच आवड आहे अशीं मुलें त्यांनीं निवडलीं. कांहींना आधीं सांगितलें कीं, चित्र काढाल तर फितीचें व सोनेरी चांदणीचें प्रशस्तिपत्रक मिळेल. कांहींना न सांगतां मागाहून तें दिलें. कांहींना दिलेंच नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं रंगाचीं फेल्ट-टिप पेनें वर्गांत मोकळीं ठेवलीं, तेव्हां बक्षिसाचा करार करून चित्रें काढलेल्या मुलांनीं त्यांना इतरांच्या मानानें सुमारें निम्माच वेळ दिला. अवचित प्रशस्तिपत्रक मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे दोष बक्षिसांत नव्हता. ‘हें कराल तर तें देईन’ या सौद्यांत होता. सौदा झाला कीं मुलाला वाटतें, हें काम मुळांत करण्याजोगें नसावें, म्हणून तर मोबदला देतात!

याच धर्तीचे प्रयोग एडवर्ड डेसी यांनींही १९७१ पासून केले, आणि रिचर्ड रायन यांच्यासह त्यांनीं जो सिद्धांत बांधला तो थोडक्यांत असा: माणसाला मनापासून कामाला लावणाऱ्या गरजा तीन, आपल्या मनाप्रमाणें करण्याची मोकळीक, आपल्याला हें साधतें ही जाणीव, आणि ज्यांच्यासाठीं व ज्यांच्यासह करावयाचें त्यांच्याशीं आपलेपणा. माझ्या तक्त्यानें या तिन्हींवर घाव घातला. झाड मुलाचें राहिलें नाहीं, पाणी घालण्याचें कसब रेघेंत बुडालें, आणि शेजारचा मित्र प्रतिस्पर्धी झाला.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, “उत्तम! म्हणजे माणसांना पैसे देण्याचें कारणच नाहीं. आपलेपणा द्यावा, समाधान द्यावें.” श्रोतेहो, आजच्या भाषणांत मला सांगावयाची मुख्य गोष्ट हीच कीं, हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो काढणाऱ्याचा हेतु बहुधा निर्मळ नसतो. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनीं पिट्सबर्गकडील सुमारें २०० इंजिनियर व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ सालीं दाखविलें कीं, समाधान देणाऱ्या गोष्टी व असमाधान उपजविणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात. चांगलें साधलेलें काम, कोणी केलेली कदर, अंगावर आलेली जबाबदारी, यांनीं माणूस खुलतो. पगार व वरिष्ठांची वागणूक हीं वाईट असलीं तर तो कडू होतो. चांगलीं असलीं म्हणून मात्र तेवढ्यानें खुलत नाहीं. पण कडवटपणा असतां खुलावें कसें? २००० सालीं महाराष्ट्रांत शिक्षणसेवकांची योजना आली व प्राथमिक शाळेंत नव्यानें आलेल्या तरुणास तीन वर्षें दरमहा ३००० रुपये मानधन ठरलें. ही रक्कम पुढें वाढली, २०२३ सालीं १६००० झाली. पण तीं पहिलीं वर्षें मीं जवळून पाहिलीं आहेत. मुलांवर जीव टाकणारे हे माझे तरुण सहकारी महिनाअखेर उसनवारी करीत, आणि सभांतून त्यांना सेवाभावाचें महत्त्व सांगितलें जाई. ज्यांचा स्वतःचा पगार वेळेवर होतो त्यांनीं दुसऱ्यास सेवाभाव शिकवूं नये, असें माझें नम्र मत आहे.

पडकईलाही हीच कसोटी लावली पाहिजे. ती चाल सुंदर खरी. पण ज्या घरीं परत फेडावयास माणूस नाहीं त्या विधवेचा उतार शेवटीं राहतो, आणि ज्याला आजच्या आज भाकरी मिळवावयाची तो उन्हाळ्यांत वाडीवर थांबूं शकत नाहीं. त्याला बागाईतांत उतरावेंच लागतें. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला, आणि देशाचा २००५ सालीं. आंबेगांवच्या आदिवासी भागांत कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेनें पडकईच्या कामास सरकारी मजुरीची जोड मिळावी म्हणून खटपट केली, आणि पुढें शासनाच्या कृषिखात्यानेंही पडकईसाठीं कार्यक्रम आंखला.

माझ्या वहीच्या बक्षिसानें रोपें वाळलीं. मग मजुरीनें पडकई वाळावी कीं काय, अशी मला शंका होती. मीं दोन्हीं प्रकार पाहिले. एके ठिकाणीं जागा लोकांनीं निवडली होती, ताल त्यांच्या पद्धतीनें पडत होती, आणि मजुरीमुळें माणसांना उन्हाळाभर घरीं राहतां येत होतें. तेथलें काम जुन्या पडकईसारखेंच निगुतीनें झालें. दुसरे ठिकाणीं काय, कोठें व किती हें सर्व वरून ठरलेलें, आणि लक्ष केवळ मापावर. तेथें तालीच्या दर्शनीं भागास मोठे दगड व पोटांत भुसभुशीत माती भरलेली मीं पाहिली. पहिल्या पावसानें तिचें काय केलें हें सांगावयास नको. मजुरी दोन्हींकडे होती. ती आधार झाली तेथें काम टिकलें. ती आमिष झाली तेथें माझ्या अर्ध्या कळशांचीच आवृत्ति निघाली.

आपण शहरांतील सुशिक्षित कुटुंबें. आपल्या हाताखालीं कोणी ना कोणी काम करतें. घरीं भांडीं घासणारी बाई, दुकानांतला पोऱ्या, कचेरींतला कारकून, आणि अभ्यासाला बसविलेलें आपलेंच मूल. त्यांच्यापैकीं कोणाला आळशी म्हणण्याचा प्रसंग आला, तर तो शब्द उच्चारण्यापूर्वीं इतकें पाहावें: याच्या पोटाची व वेळेवर मिळणाऱ्या दामाची सोय आपण लावली आहे काय? या कामांतील कांहीं तरी आपण त्याच्या अक्कलहुशारीवर सोपविलें आहे काय? आणि तें चांगलें झालें तेव्हां आपल्या नजरेस आलें काय? तिन्हींचें उत्तर होय असेल, तर मग खुशाल रागवावें. माझा अनुभव असा कीं, तशी वेळ फारशी येत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत मी त्या वाडीवर पुन्हां जाऊन आलों. तें खाचर भातानें हिरवें होतें. मीं उलटा धरलेला दगड कोणता तें मला ओळखतां आलें नाहीं. पण माझ्या त्या विद्यार्थ्यानें तालीवर हात ठेवून तो बरोबर दाखविला. तो जागचा हाललेला नाहीं.